लाइट आली की नेट जातं : आयपी कॉन्फ्लिक्ट शोधायला शिकताना

फायबरच्या कामाला नवीन लागलेल्या पोरांना केबल ओढणं, स्प्लायसिंग करणं, पॉवर मीटर लावणं हे लवकर जमतं. हाताचं काम आहे, हात बसतो. अडतं दुसरीकडेच. ओएनटीवर (फायबर घरात येऊन ज्या डब्याला लागतं त्यावर) लाल दिवा नाही, फायबरमधल्या उजेडाची पॉवर उणे वीस डीबीएमच्या आसपास म्हणजे झकास, स्पीड टेस्टही पूर्ण येते, आणि तरी ग्राहक म्हणतो, "सर, नेट एकदा चालायलंय, एकदा बंद पडायलंय." मग पोरगं राउटर बंद करून चालू करतं, नेट येतं, पोरगं गाडीला किक मारतं आणि संध्याकाळी तीच कंप्लेंट पुन्हा येते.

लातूर-उदगीर भागात ही कामं करताना मला एक प्रश्न फार उपयोगी पडला : या घरात आयपी, म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राचा पत्त्याचा नंबर, वाटतंय कोण, आणि न विचारता घेऊन बसलंय कोण? एकच आयपी दोन यंत्रांकडं गेला की त्याला आयपी कॉन्फ्लिक्ट म्हणतात. कमांड नंतर. आधी घरात एक फेरी मारायची आणि डोळ्यांनी मोजायचं. राउटर किती, कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) आहे का, वायफायचा प्रिंटर आहे का, माडीवर भाडेकरूंनी स्वतःचा वायफायचा डबा लावलाय का.

साधारणपणे राउटरमधला डीएचसीपी, म्हणजे आपोआप आयपी वाटणारी सोय, प्रत्येक यंत्राला मुदतीवर आयपी देतो, बऱ्याच राउटरमध्ये मुदत एक दिवसाची असते. पण एखाद्या यंत्रात कोणी हातानं कायमचा आयपी टाकून ठेवला असेल, तर राउटरला त्याचा पत्ताच नसतो. तोच आयपी तो कधीतरी दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. एकाच गटाचा सातबारा दोघांच्या नावावर निघाला की जे होतं, तेच इथं. आयपीसमोर कोणाचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा कारखान्यातून आलेला नंबर) आहे याची नोंद राउटर ठेवतो आणि शेवटी ज्यानं हाक दिली त्याची नोंद राहते. म्हणून नेट धड जातही नाही, धड चालतही नाही. विंडोज निदान कॉन्फ्लिक्ट झाल्याचा मेसेज दाखवतं. फोन बहुतेक वेळा काहीच सांगत नाही, नुसतं गोल गोल फिरत राहतं.

दोन गोष्टींना नवीन पोरं हमखास कॉन्फ्लिक्ट समजतात. लॅपटॉपवर १६९.२५४ नं सुरू होणारा आयपी दिसला, तर त्याला डीएचसीपीकडून काही मिळालंच नाही आणि त्यानं स्वतःच काहीतरी घेतलंय. तिथं केबल बघा, डीएचसीपी चालू आहे का बघा. दुसरं म्हणजे ग्राहक एखाद्या साइटवर आपला आयपी बघतो, शेजाऱ्याचाही तोच निघतो आणि तो घाबरून फोन करतो की माझं नेट कोणीतरी वापरतंय. तसं काही नसतं. आयपीव्ही४ चे, म्हणजे या चार आकड्यांच्या आयपीचे, मोकळे पत्ते जगाच्या मूळ साठ्यातून २०११ मध्येच संपले. त्यामुळं कंपन्या बऱ्याच ग्राहकांना एकाच बाहेरच्या आयपीमागं ठेवतात. राउटरच्या वॅनवर (बाहेरून नेट येतं त्या बाजूला) १००.६४ ते १००.१२७ मधलं काही दिसलं की समजायचं, हे त्यातलं घर आहे. ग्राहकाला चहा पिता पिता समजावून सांगा आणि निघा.

आता एक घर सांगतो. लातूरला शिकवणीच्या भागात, खाली घरमालक, वर पोरांच्या खोल्या, कनेक्शन एकच. काकूंची तक्रार ऐकून मला आधी हसूच आलं. "लाइट गेली की नेट मस्त चालतंय, लाइट आली की बंद पडतंय. उलटंच झालंय बघा." बाकीच्यांनी ऑफिसात ही थट्टा समजून सोडून दिली होती. मला वाटतं ग्राहक यंत्राबद्दल चुकीचं बोलेल, पण कधी बिघडतं हे तो सहसा बरोबर सांगतो.

राउटर इन्व्हर्टरवर होता. डीव्हीआर मात्र साध्या बोर्डावर. कॅमेरे बसवणाऱ्यानं डीव्हीआरला १९२.१६८.१.१० असा कायमचा आयपी टाकलेला, आणि राउटर १९२.१६८.१.२ पासून पुढं वाटत होता. इथून पुढं नुसता शेवटचा आकडा सांगतो. बरेच राउटर आयपी देण्याआधी तो रिकामा आहे का हे तपासतात, म्हणून लाइट असताना १० कोणाला मिळत नव्हता. लाइट गेली की डीव्हीआर बंद. तेवढ्यात कोणाचा फोन किंवा लॅपटॉप वायफायला जोडला की राउटरला १० मोकळा दिसायचा, तो देऊन टाकायचा. लाइट आली की डीव्हीआर उठून आपल्या जागेवर बसायचा आणि भांडण सुरू. त्या दिवशी १० घेतलेला सापडला मालकांच्या पोराचा लॅपटॉप.

शोधलं कसं ते नीट बघा, कारण हीच रीत सगळीकडं चालते. लॅपटॉपवर कमांडच्या खिडकीत आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल (ipconfig /all) मारून त्याचा आयपी आणि मॅक लिहून घेतला. मग लॅपटॉप वायफायवरून काढला आणि माझ्या मशीनवरून १० ला पिंग केलं, म्हणजे कोणी आहे का अशी हाक मारली. लॅपटॉप बाहेर असूनही उत्तर आलं! मग एआरपी डॅश ए (arp -a), म्हणजे कोणत्या आयपीसमोर कोणता मॅक आहे त्याची यादी. तिथं १० समोर वेगळाच मॅक. मॅकची पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची असतात, नेटवर टाकली की नाव येतं. कॅमेऱ्याची कंपनी निघाली. डीव्हीआरची पिन काढली, पिंग थांबलं. पिंगला उत्तर आलं नाही म्हणून आयपी रिकामा समजू नका बरं का. यंत्रातलं फायरवॉल (संरक्षणाचं सॉफ्टवेअर) पिंग अडवतं, पण एआरपीच्या यादीत मॅक तरी दिसतोच.

डीव्हीआरचा पासवर्ड अर्थातच कोणाकडं नव्हता. तो बहुतेक घरांत नसतोच, कॅमेरेवाला फोन उचलत नाही. म्हणून मी डीव्हीआरच्या नादी लागत नाही. राउटरचा पूल, म्हणजे वाटायच्या आयपींचा साठा, बदलतो. २ ऐवजी ५० पासून २०० पर्यंत वाटायला सांगितलं की १० आपोआप बाहेर पडतो. मात्र ज्याच्याकडं १० आधीच आहे त्याला आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज, मग रिन्यू करून नवा घ्यायला लावायचा. फोन असेल तर वायफाय बंद करून चालू करायचं. प्रिंटरसाठी राउटरमध्येच मॅकवर आयपी राखून ठेवता येतो, ते जास्त स्वच्छ. फोनसाठी या भानगडीत पडू नका. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला खरा मॅक न दाखवता बनावट दाखवतात.

दुसरा मोठा उपद्रव म्हणजे जुना राउटर. नवं फायबर आलं की जुना फेकवत नाही, तो माडीवर लावतात. वायर एकाच्या लॅन पोर्टमधून (घरातली यंत्रं जोडायच्या खाचेतून) दुसऱ्याच्या लॅनमध्ये, आणि दोघांचाही आयपी १९२.१६८.१.१. मग दोघंही डीएचसीपी वाटतात. ब्राउझरमध्ये हा आयपी टाकला की कधी एका कंपनीचं लॉगिन पान येतं, कधी दुसऱ्या. हे दिसलं की पुढं काही तपासायची गरजच नाही. जुन्याची वायर काढा, लॅपटॉप थेट त्याला जोडा, त्याचा आयपी १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी बंद करा, मग वायर पुन्हा त्याच्या लॅन पोर्टमध्ये घाला. मुख्य राउटर २ पासून वाटत असेल तर तिथंही पूल पुढं सरकवा. वॅन पोर्टात घालायचं असेल तर जुन्याची मालिकाच १९२.१६८.५ अशी वेगळी करा. तसंही चालतं, पण मग वरच्या खोलीतून खालचा प्रिंटर सापडणार नाही, हे आधीच सांगून ठेवा.

घरी सराव करायचा असेल तर सिस्कोचा पॅकेट ट्रेसर, म्हणजे कॉम्प्युटरवरच खोटं नेटवर्क जोडून बघायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतो. त्यात दोन राउटर, चार कॉम्प्युटर टाका आणि मुद्दाम गोंधळ घाला. आयटीआय झालेल्या पोरालाही जमतं. प्रमाणपत्राचं नंतर बघू, आधी डीएचसीपी आणि एआरपी डोक्यात बसू द्या.

काम झालं की मी राउटरच्या बुडाला मार्करनं लिहितो : पूल ५० ते २००, डीव्हीआर १०, प्रिंटर ११. पुढच्या वेळी कोण जाईल काय माहीत. आणि घरमालकाकडून कॅमेरेवाल्याचा नंबर घेऊन त्याला तिथल्या तिथं फोन लावतो, की या घरात परत कधी आयपी टाकायचा झाला तर ५० च्या खालचाच टाक. उचलला नाही तर मेसेज करतो.