मेंदूच्या स्कॅनवर संशोधन करायचंय? आधी इंजेक्शनच्या खोलीत बसा

"पायथॉन येतं, मशीन लर्निंगचा कोर्स झालाय, मेंदूच्या स्कॅनवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" एम.एस्सी.चे आणि इंजिनिअरिंगचे निकाल लागले की असे निरोप यायला लागतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: इंजेक्शनच्या खोलीतून. त्यावर पुढून बराच वेळ काहीच येत नाही.

मी मूळची फिजिक्सची. मुंबईतल्या एका रुग्णालयात न्यूरॉलॉजी आणि न्यूक्लिअर मेडिसिन या दोन विभागांच्या मधोमध माझं काम चालतं. स्मृतिभ्रंश, पार्किन्सन, औषधांना दाद न देणाऱ्या फिट्स, यांचे पेट आणि स्पेक्ट स्कॅन, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून मेंदूचं काम कसं चाललंय ते दाखवणारे स्कॅन. नव्यानं येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर स्क्रीनवरची रंगीत चित्रं असतात. ती अगदी शेवटी येतात. त्याआधी काय काय घडतं हे ज्यानं बघितलं नाही, त्याला चित्रातली खोट दिसत नाही, आणि मग तो त्या खोटीवरच पेपर लिहून मोकळा होतो.

एफडीजीचंच बघा. ग्लुकोजच्या रेणूत थोडा फेरफार करून त्यावर किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलेलं हे औषध. १९७६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ते पहिल्यांदा माणसाला टोचलं, तेव्हा बघायचा होता तो मेंदूच. कॅन्सरचा स्कॅन ही त्याची ओळख नंतरची. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ग्लुकोज तो २० टक्क्यांच्या आसपास खातो. एफडीजी पेशीत ग्लुकोजसारखंच शिरतं, तिथं हेक्झोकायनेज नावाचं एन्झाइम त्याला फॉस्फेट चिकटवतं आणि पुढची वाट बंद असल्यामुळे ते आतच अडकतं. इंजेक्शननंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात मेंदूचा जो भाग जितका कामात असेल, तितकं तिथं साठतं. म्हणजे पेशंट मशीनमध्ये झोपतो तेव्हा टिपलं जातं ते मघाच्या अर्ध्या तासाचं.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे सगळे नियम आपोआप कळतात. पेशंटला अंधुक उजेडाच्या शांत खोलीत का पडून राहायला लावतात, मोबाईल का काढून घेतात, "बाबा, पाणी हवं का? बाथरूमला जायचंय का?" असं दर पाच मिनिटांनी विचारणाऱ्या सुनेला बाहेर का बसवतात. अस्वस्थ पेशंटला झोपेचं औषध द्यायचंच असेल तर ते एफडीजी साठून झाल्यावर, स्कॅनच्या तोंडावर देतात, तेही याच कारणानं.

आणि शुगर. पेशंटनं चार-सहा तास काही खाल्लेलं नसावं, असं कागदावर लिहिलेलं असतं. "उपाशी आहेत ना?" म्हटलं की घरचे छातीठोक हो म्हणतात. मग ग्लुकोमीटरवर २३० दिसतं. चौकशी केल्यावर कळतं, पहाटे निघताना दोन चमचे साखरेचा चहा झालाय, सोबत पाच-सहा बिस्किटं. "चहा म्हणजे काय खाणं का?" आपल्याकडे नसतंच. म्हणून आमची सिस्टर तो प्रश्नच विचारत नाही, ती थेट विचारते, "चहा किती वाजता घेतला?" बहुतेक ठिकाणी शुगर १५० ते २०० च्या पुढे गेली की मेंदूचा स्कॅन पुढे ढकलतात, कारण साध्या ग्लुकोजची गर्दी झाली की एफडीजीला आत शिरायला वाव राहत नाही. त्याहून वाईट म्हणजे, शुगर चढलेली असली तर धडधाकट माणसाच्या मेंदूतही मागचे, प्रिक्युनियसजवळचे भाग मंद दिसू शकतात. अल्झायमरमध्ये मंदावतात तेही हेच, पोस्टेरिअर सिंग्युलेट आणि टेम्पोरो-परायटल. आता सांगा, शेकडो फाइल्स घेऊन मॉडेल शिकवायला बसलेल्या मुलाकडे शुगरचा रकाना नसेल तर त्याचं मॉडेल नक्की काय शिकेल?

घड्याळाचं प्रकरणही असंच. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे ही किरणोत्सारी द्रव्यं बनवणाऱ्या यंत्रातून, शिशाच्या डब्यात निघालेला डोस सायनच्या ट्रॅफिकमध्ये अडकला की हॉट लॅबमध्ये, म्हणजे डोस मोजायच्या खोलीत, सगळे घड्याळाकडे बघत बसतात. कार्बन-११ तर २० मिनिटांत निम्मं, त्यामुळे सायक्लोट्रॉन त्याच आवारात हवा. पिट्सबर्ग कंपाउंड बी हा अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं अॅमिलॉइड हे प्रथिन दाखवणारा पहिला गाजलेला ट्रेसर (टोचायचं किरणोत्सारी औषध) कार्बन-११ चाच. तो जगभर पोहोचला नाही आणि पुढे फ्लोरिन-१८ वाले अॅमिलॉइड ट्रेसर काढावे लागले, ते यामुळेच. आपल्या देशात पेटची सुरुवात परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली वैद्यकीय सायक्लोट्रॉन बसल्यावर झाली. सेंटर १९६३ चं. म्हणजे या क्षेत्रातलं आपलं आजोळ परळलाच आहे म्हणायला हरकत नाही.

तर घड्याळ. डोस मोजायच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ आणि स्कॅनरचं घड्याळ यांत ५ मिनिटांचा फरक असेल, तर एफडीजीच्या आकड्यात ३ टक्क्यांची चूक शिरते, कार्बन-११ मध्ये १५ टक्क्यांहून जास्त. दोन भागांचं गुणोत्तर काढलं तर ही चूक कटते, हे खरं. पण ती आहे हे माहीत असावं लागतं. रुजू झाल्यावर पहिल्या दिवशी ही दोन घड्याळं शेजारी ठेवून बघा.

एपिलेप्सीचं काम मात्र आणखी वेगळं, आणि मला सगळ्यात आवडतं ते. शस्त्रक्रियेआधी फिट नेमकी कुठून सुरू होते ते शोधायचं असतं. पेशंट व्हिडिओ-ईईजी वॉर्डात, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरी आणि व्हिडिओ सतत नोंदवतात तिथं, औषधं कमी केलेली, आणि शेजारी टेक्नॉलॉजिस्ट टंगस्टनच्या कवचातली सिरिंज घेऊन बसलेला. फिट सुरू झाली की काही सेकंदांत किरणोत्सारी टेक्नेशियम जोडलेलं ईसीडी हे औषध शिरेत गेलं पाहिजे. ते पहिल्याच फेरीत मेंदूत अडकतं आणि तिथंच राहतं. मग पेशंट शांत झाल्यावर निवांत स्कॅन केला तरी चित्र फिटच्या क्षणाचं मिळतं. टेक्नेशियम-९९एम सहा तासांनी निम्मं होतं, म्हणून सकाळी एक मिली पुरत असेल तर दुपारी जास्त लागतं. कॉटच्या डोक्याशी भिंतीला तासागणिक मिलीचा तक्ता चिकटवलेला असतो. दिवसभर काही होत नाही. टेक्नॉलॉजिस्ट जेवणाचा डबा उघडतो आणि नेमकी तेव्हा फिट येते, हा वॉर्डातला जुना विनोद. पण उशीर झाला तर तोवर फिट मेंदूत पसरलेली असते आणि स्कॅन भलत्याच जागेकडे बोट दाखवतो. म्हणून अशा स्कॅनचं विश्लेषण करताना पहिला आकडा बघायचा तो फिट सुरू झाल्यापासून इंजेक्शनपर्यंतच्या सेकंदांचा. व्हिडिओ परत लावून तो स्वतः मोजावा.

आता न्यूरॉलॉजीची बाजू. तिथं ओपीडीत मागच्या खुर्चीवर बसायची परवानगी मिळवा. "वय झालंय, साठी बुद्धी नाठी" म्हणून दोन-तीन वर्षं काढलेली कुटुंबं येतात. स्मरणशक्तीच्या चाचणीत तारीख विचारली की न शिकलेल्या आजी गप्प होतात, गुण जातात, पण "महिना कोणता?" म्हटलं तर "श्रावण लागला की, परवा नागपंचमी झाली" असं बरोबर सांगतात. शाळा न पाहिलेल्यांसाठी हिंदीत १९९० च्या दशकात बल्लभगढच्या अभ्यासात वेगळी चाचणी बनवावी लागली, ती याच कारणानं. गुण आणि स्कॅन यांचा मेळ बसत नाही म्हणून तुम्ही सॉफ्टवेअरला दोष देत बसाल, आणि चूक प्रश्नपत्रिकेत असेल.

सॉफ्टवेअरचं मी थोडक्यात उरकते, कारण ते शिकवणारे पुष्कळ आहेत. लंडनचं एसपीएम, ऑक्सफर्डचं एफएसएल, बॉस्टनचं फ्रीसर्फर, यातलं एक नीट शिका. डायकॉमवरून (स्कॅनरची फाइल) निफ्टीत (संशोधनाच्या सॉफ्टवेअरची फाइल) जाताना डावं-उजवं उलटत नाही ना हे तपासा. एमआरआयमध्ये डोक्याच्या एका बाजूला ई-व्हिटॅमिनची गोळी चिकटवण्याची युक्ती त्यासाठीच आहे, ती चित्रात ठळक दिसते. सगळे ज्या साच्यावर मेंदू बसवतात तो माँट्रिअलचा, १५२ जणांच्या सरासरीचा. हैदराबादच्या ट्रिपलआयटीनं १०० भारतीय तरुणांचे मेंदू घेऊन २०१९ मध्ये आपला अॅटलास काढला, ही मोठी गोष्ट, पण आमचे पेशंट सत्तरीचे. आणि संख्याशास्त्र पक्कं करा. मेलेल्या सॅमन माशाला एमआरआयमध्ये ठेवून, माणसांचे फोटो दाखवून, त्याच्या मेंदूत 'हालचाल' सापडल्याचं काही संशोधकांनी दाखवलं होतं. हजारो तुलना एकदम केल्या आणि दुरुस्ती केली नाही की काय होतं ते सांगण्यासाठी. त्याला २०१२ चं इग नोबेल मिळालं.

किरणांची भीती घरच्यांना जास्त असते. अंगावर किती किरण पडले ते मोजणारा टीएलडी बॅज छातीशी लावायचा, आणि वेळ, अंतर, आडोसा हे तीन सांभाळायचे. एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणांचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात ३०. एक्स-रेवाला शिशाचा एप्रन घालून पेटच्या खोलीत रुबाबात फिरू नका. पेटच्या ५११ केईव्ही ऊर्जेच्या किरणांना तो फारसा अडवत नाही, नुसता खांदे दुखवतो. अभ्यासात निरोगी माणसं घेणार असाल तर ५ मिलिक्युरी एफडीजीतून शरीराला बसणारा डोस साधारण साडेतीन मिलिसिव्हर्ट, सीटीचा वेगळा, हे एथिक्स कमिटीला आणि त्या माणसालाही मराठीत, त्याला कळेल असं सांगता आलं पाहिजे. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटची संमती कोण देणार, हा प्रश्न तर प्रत्येक प्रस्तावात अडतो. तो आधी सोडवा, निधी मागाहून.

शिक्षणाच्या वाटा बऱ्याच आहेत. एमबीबीएसवाल्यांना नीट-पीजीतून एमडी न्यूक्लिअर मेडिसिन, किंवा एमडी करून डीएम न्यूरॉलॉजी. फिजिक्सवाल्यांना भाभा अणुसंशोधन केंद्राची रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका. त्यामुळे सुरक्षा अधिकारी होण्याची वाट खुली होते, आणि संशोधनाचा निधी आटला तरी चूल पेटती राहते. मानसशास्त्रवाले चाचण्यांच्या बाजूनं येतात. त्यांची गरज सगळ्यात जास्त आहे आणि अर्ज सगळ्यात कमी.

कुठंच ओळख नसेल तर घरबसल्या एक करा. अमेरिकेतला अडनी हा अल्झायमरचा अभ्यास २००४ पासून चालू आहे, पार्किन्सनचा पीपीएमआय २०१० पासून. दोन्हींचा डेटा अर्ज करून फुकट मिळतो. थोडेच स्कॅन उतरवून घ्या, पण एकेका पेशंटची शुगर, औषधं, चाचणीचे गुण, स्कॅनची वेळ सगळं बघून चित्राशी ताडा. गाइडला मेल लिहाल तेव्हा त्यातलं तुम्हाला पडलेलं एक कोडं लिहा. 'आय अॅम पॅशनेट अबाउट न्यूरोसायन्स'वाल्या मेल आम्ही उघडून बंद करतो.

जेआरएफला (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता आहे, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ) झालात की ४२,०००. मुंबईत यात भागतं, ऐश होत नाही. मुलाखतीला जाल तेव्हा लाजू नका, चार गोष्टी विचारून घ्या: प्रकल्पाची किती वर्षं उरलीत, पीएच.डी.ची नोंदणी होणार का, स्कॅनचा खर्च प्रकल्प करणार की पेशंटच्या खिशातून जाणार, आणि कॅन्सरच्या पेशंटांनी भरलेल्या त्या मशीनवर संशोधनाला आठवड्यातून किती स्लॉट मिळतात. शेवटच्या प्रश्नावर समोरचे गडबडले, तर तिथं तुमची तीन वर्षं वाट बघण्यात जातील.