लाभांशाला व्याज समजू नका: निवृत्तीसाठी ऊर्जा शेअर घेताना या चुका टाळा

जुलै उजाडला, की नागपूरच्या मनीषनगरातले आमचे निवृत्त शेजारी आयकर विवरणपत्र भरून घ्यायला कागदांच्या पिशव्या घेऊन माझ्याकडे येतात. बरेचसे वेकोलिचे (वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे सरकारी कोळसा खाणींचे), काही वीज कंपन्यांमधले. यंदा उमरेडच्या खाणीत अख्खी नोकरी काढलेल्या एका काकांनी डीमॅटचा उतारा समोर ठेवला. सात कंपन्या होत्या, सातही कोळसा, तेल आणि विजेच्या. "मुद्दलाले हात नाही लावत मी," काका म्हणाले, "डिव्हिडंडवरच चालते घर."

त्यांच्या शिस्तीचा मला आदर वाटतो. पण त्या एका वाक्यात मोठी चूक दडलेली आहे, आणि ती नागपुरातल्या कितीतरी घरांत आहे.

लाभांश म्हणजे व्याज नव्हे

मुदत ठेवीचं व्याज घेतलं तरी मुद्दल तेवढंच राहतं. लाभांश, म्हणजे डिव्हिडंड, कंपनी भागधारकांना आपल्या नफ्यातून वाटते, त्याचं तसं नाही. कंपनीच्या तिजोरीतून रोकड बाहेर जाते आणि एक्स-डेटच्या (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही, त्या दिवसाच्या) सकाळी शेअरचा भाव साधारण तेवढाच खाली उघडतो. ४०० रुपयांच्या शेअरवर १० रुपये मिळाले, तर हातात १० आणि शेअर ३९० च्या आसपास. म्हणून लाभांशासाठी आदल्या दिवशी शेअर घ्यायची धावपळ व्यर्थ आहे. मिळालेल्या रकमेवर कर लागतो तो वेगळाच.

आपल्याकडच्या लोकांना सर्वांत जवळचं उदाहरण वेकोलिची मूळ कंपनी कोल इंडियाचं. नोव्हेंबर २०१० मध्ये हा शेअर २४५ रुपयांना बाजारात आला. पुढची दहा वर्षं लाभांश येत राहिला, शेअरमागे एकूण दीडशे रुपयांहून जास्त. घराघरांत समाधान होतं. पण ऑक्टोबर २०२० मध्ये भाव ११५ च्या आसपास होता. भाव आणि लाभांश एकत्र केले तरी दहा वर्षांत २४५ चे पावणेतीनशेच्या आगेमागेच झाले. तेच पैसे ८ टक्के चक्रवाढीने ठेवले असते तर ५२९ झाले असते. लाभांश खात्यात जमा होताना मुद्दल झिजत होतं आणि उतारा उघडून कुणी पाहिलं नाही.

पुढे हाच शेअर २०२४ मध्ये ५०० च्या वर गेला. ज्यांना थांबता आलं त्यांचं भलं झालं. २०२० मध्ये मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी ज्यांना विकावा लागला, त्यांचं नाही. निवृत्त माणसाला परताव्याइतकाच, पैसा कधी लागणार हा प्रश्न मोठा असतो.

म्हणून वर्षातून एकदा वहीत दोन आकडे शेजारी लिहा: वर्षभरात मिळालेला लाभांश, आणि भावातली वाढ किंवा घट. बेरीज पाहूनच शेअरबद्दल मत बनवा.

मागच्या वर्षाच्या टक्क्यांवर भुलणं

"हा शेअर १० टक्के डिव्हिडंड देतो" हे वाक्य ऐकलं, की मी आधी विचारते, कोणत्या वर्षी? जानेवारी २०१४ मध्ये कोल इंडियाने शेअरमागे २९ रुपये दिले. तेव्हाच्या भावावर ते जवळपास १० टक्के होते. पुढच्या वर्षी लाभांश २१ रुपयांच्या आत आला आणि २०१९-२० मध्ये १२ वर. शिवाय भाव पडला, की जुन्या लाभांशाचा टक्का आपोआप फुगलेला दिसतो. तो आकडा पाहून खरेदी करणारा बहुतेक वेळा घसरणीच्या मध्यावर शिरतो.

सरकारी कंपन्यांना लाभांशाचा नियम आहे: नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मालमत्तेच्या (मालमत्ता वजा देणी) ४ टक्के, यांपैकी जास्त असेल ते किमान द्यावं. पण नफाच बुडाला तर हा नियम आधाराला येईलच असं नाही. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे कच्चं तेल भडकलं आणि पंपावरचे भाव मात्र जवळपास गोठलेले राहिले. हिंदुस्तान पेट्रोलियमला २०२२-२३ मध्ये जवळपास ९ हजार कोटींचा तोटा झाला आणि त्या वर्षाचा लाभांश शून्य. पुढच्या वर्षी नफा परतला, लाभांशही परतला. पण मधल्या वर्षी किराणा थांबत नाही.

त्यातल्या त्यात स्थिर म्हणजे वीज वाहून नेणारी पॉवर ग्रिड आणि वीज बनवणारी एनटीपीसी, कारण त्यांच्या बऱ्याचशा प्रकल्पांच्या भांडवलावरचा परतावा केंद्रीय वीज नियामक आयोग ठरवून देतो. तिथेही बोनस शेअर (कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर) मिळाले, की शेअरमागचा लाभांश कमी दिसतो आणि लोक घाबरून फोन करतात. शेअरची संख्या वाढलेली असते, एकूण रक्कम मोजा.

नुसत्या वाढीच्या मागे धावणं

नफा एकच असतो. तो भागधारकाला वाटला तर नव्या वीजवाहिनीत, नव्या प्रकल्पात घालता येत नाही. घातला तर आज हाती काही येत नाही, पुढे भाव वाढण्याची आशा असते. पण आशेची किंमत किती मोजायची, इथे फसगत होते. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरचा शेअर ४५० रुपयांना विकला गेला, तेव्हा कंपनीचे बहुतेक प्रकल्प कागदावर होते. नंतर पाचाला तीन बोनस शेअर मिळाले. ते धरूनही मार्च २०२० मध्ये भाव दोन रुपयांच्या खाली होता. साठीनंतर एवढा खड्डा भरून काढायला वर्षं उरत नाहीत.

तरीही वाढ पूर्ण सोडू नका. महागाई ६ टक्के राहिली, तर आजचा ३० हजारांचा महिना बारा वर्षांत ६० हजारांचा होतो. कोळसा खाणींची १९९८ ची पेन्शन योजना महागाई भत्त्याशी जोडलेली नाही, त्यामुळे काकांसारख्यांना वाढणारा पैसा इतरांपेक्षा जास्त लागतो. ५ लाखांचे शेअर ५ लाख ६० हजारांचे झाले आणि त्यातले ३० हजारांचे विकले, तर मुद्दल मोडलं असं होत नाही. लाभांश घेण्यासारखंच ते आहे, फक्त तारीख तुम्ही ठरवता.

पगार कोळशाचा, पेन्शन कोळशाची, शेअरही कोळशाचे

मला सर्वांत जास्त काळजी याची वाटते. वडील वेकोलित, मुलगा कोराडीच्या वीज केंद्रात कंत्राटावर, मौद्याच्या वीज प्रकल्पाच्या रस्त्यावर घेतलेला प्लॉट, आणि डीमॅटमध्ये सातही शेअर ऊर्जेचे. या धंद्याला धक्का बसला तर घराचे चारही खांब एकदम हलतात. कोराडीची चिमणी रोज दिसते, म्हणून हा धंदा आपल्याला कळतो असं वाटतं. खाण कळणं आणि शेअरचा भाव कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काकांना मी सुचवलं: आधी तीन ते पाच वर्षांचा खर्च ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आणि ठेवीत बाजूला काढा. या योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. शेअरमध्ये जे उरेल, त्यात ऊर्जेचा वाटा पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको, हे माझं मत. एका फटक्यात विकू नका. वर्षभरापेक्षा जास्त ठेवलेल्या शेअरवरचा १ लाख २५ हजारांपर्यंतचा नफा दरवर्षी करमुक्त आहे, त्याच्या वर १२.५ टक्के कर. काकूंनी स्वतःच्या पैशांतून घेतलेल्या शेअरना ही मर्यादा स्वतंत्र मिळते.

लाभांशावर २०२० च्या एप्रिलपासून कर आपल्या हाती लागतो, उत्पन्नात मिळवून. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो आणि लाभांश त्यात बसतो. शेअर विकून झालेल्या नफ्याला मात्र ही सूट नाही. एका कंपनीकडून वर्षात १० हजारांहून जास्त लाभांश आला, तर १० टक्के कापून येतात. कर लागू नसेल तर विवरणपत्र भरा, ते पैसे परत मिळतात.

लाभांश आलाच नाही तर

बहुतेकदा दोष बँक खात्याचा असतो. निवृत्तीनंतर खाणीजवळच्या शाखेतलं पगाराचं खातं बंद झालेलं असतं आणि डीमॅटला अजून तेच जोडलेलं. आधी ते बदला, मग कंपनीच्या रजिस्ट्रारला (भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला) लिहून परत गेलेली रक्कम मागा. सलग सात वर्षं लाभांश न घेतल्यास तो, आणि त्यासोबत शेअरही, सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात. तिथून परत मिळतात, पण कागद जमवता जमवता महिने जातात. काकांचे दोन लाभांश असेच अडकले होते, पाच वर्षांपूर्वीचे. परवा आम्ही दोघांनी बसून अर्ज लिहिला, आणि नॉमिनी म्हणून काकूंचं नाव डीमॅट खात्यावर आहे का, ते पाहिलं. नव्हतं.