प्रवाळात दडलेला मासा कसा शोधावा

नाशिकला समुद्र नाही, त्यामुळे येथील हौशी डायव्हर नजरेची तयारी तारकर्लीला किंवा अंदमानला पोहोचल्यावरच सुरू करतात. खरे तर ती घराजवळच करता येते. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाऊन चिखलाच्या कडेला बसलेला पाणलावा दुर्बिणीतून शोधून पाहावा. अख्खा पक्षी शोधू गेल्यास तो दिसत नाही. वाळक्या गवतात काळा गोल डोळा सापडला, की त्याच्याभोवती चोच, डोके आणि पाठीवरचे पट्टे एकेक करून उलगडतात. प्रवाळातही हीच रीत चालते.

पाण्यात प्रथम वर-खाली न होता एका पातळीवर स्थिर तरंगावे, कारण फिनच्या (पायांत घालायच्या पोहण्याच्या वल्ह्यांच्या) एका फटक्याने उडालेली वाळू सारे झाकून टाकते. त्यानंतर एक-दोन मीटरचाच तुकडा निवडून तेथे दोन-तीन मिनिटे थांबावे. स्कॉर्पिअनफिशचा रंग, डाग आणि अंगावरच्या झालरी हुबेहूब शेवाळलेल्या खडकासारख्या असल्या, तरी डोळा, खाली वळलेली तोंडाची रेघ आणि कल्ल्यांची मंद उघडझाप तिला पूर्णपणे लपवता येत नाही. खडक श्वास घेत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी बरेच साधते.

लाल रंग पहिल्या काही मीटरांतच पाण्यात शोषला जात असल्याने दहा-पंधरा मीटरांवर लाल मासा करडा दिसतो. टॉर्च बाजूने तिरपा धरल्यास रंगही परततो आणि सावलीमुळे आकारही उठून दिसतो. मात्र स्पंजही (खडकाला चिकटून राहणारे समुद्री प्राणी) तसेच लाल उजळतात, त्यामुळे फसगत होतेच. फ्रॉगफिश तर स्पंजसारखीच दिसते. तेव्हा ‘स्पंजा’ला पायांसारखे पर आहेत का, ते पाहावे. वाळूत लेपीसारख्या चपट्या माशांचे एकाच बाजूला असलेले दोन डोळे तेवढे वर डोकावतात.

आधारासाठी खडकाला हात कधीही लावू नये. हुबेहूब खडकासारख्या दिसणाऱ्या स्टोनफिशच्या पाठीवर साधारण 13 विषारी काटे असतात. काटा टोचल्यास डाइव्ह थांबवून सुरक्षित वेगाने पाण्याबाहेर यावे, तो भाग सोसवेल इतक्या, पण 45 अंशांहून अधिक नसलेल्या गरम पाण्यात बुडवावा आणि रुग्णालय गाठावे.

मासा सापडल्यावर सोबत्याला खूण करण्यापूर्वी शेजारचा एखादा ठळक प्रवाळ हेरून ठेवावा, कारण नजर क्षणभर वळली तरी तोच मासा पुन्हा पहिल्यापासून शोधावा लागतो.