पुढचा ब्रेक धरून राहत होता

आंबोली घाट उतरून सावंतवाडीत थांबलो, तर पुढच्या चाकाजवळ जळका वास. लिव्हर सोडूनही गाडी ढकलायला जड. घरी पुढचं चाक उचलून हाताने फिरवलं. अर्ध्या फेरीतच थांबलं.

कॅलिपर, म्हणजे पिस्टनने दोन्ही बाजूंची पॅड डिस्कवर दाबणारा भाग, काढला. पिस्टनच्या बाजूचं पॅड पार झिजलेलं, पलीकडचं जवळपास नवं. दुखणं इथेच कळलं: कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्यातली एक गंजून अडकली होती. पिनेवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटून पाणी शिरलेलं. पिन पॉलिश पेपरने घासली, सिलिकॉन ग्रीस लावलं, बूट आणि दोन्ही पॅड बदलले. साधं ग्रीस मुळीच नको, त्याने रबर फुगतं.

आणि कृपा करून, गाडी हलवण्याआधी लिव्हर घट्ट होईपर्यंत दाबत राहा. नव्या पॅडनंतर पहिले दोन-तीन दाब रिकामेच जातात.