एचआयव्ही टेस्टपर्यंत आपली माणसं पोचावीत म्हणून काय काय करता येतं

गे, बायसेक्शुअल, ट्रान्स लोकं टेस्ट टाळतात ते बहुतेकदा सुईच्या भीतीने नाही, काउंटरवरच्या प्रश्नांच्या भीतीने. लग्न झालंय का, पार्टनर बाई की पुरुष, आणि मग भरल्या हॉलमध्ये कागदावरचं जुनं नाव कुणीतरी मोठ्यांदा पुकारलं की ट्रान्स बाई उठून सरळ बाहेर जाते ती परत येत नाही. त्यामुळे तुम्ही सेंटर चालवत असाल किंवा कम्युनिटीत काम करत असाल तर मशीन, किट नंतर बघा, आधी हे सुधारा.

माणूस स्वतःचं जे नाव सांगेल तेच लिहा, पुकारताना फक्त टोकन नंबर. कंडोमशिवाय शेवटचा संबंध कधी आला हे विचारावंच लागतं कारण त्यावरून विंडो पिरियड (लागण झाल्यापासून ती टेस्टमध्ये दिसेपर्यंतचा काळ) संपला का ते कळतं, पण "असं का करता" हा प्रश्न कुणीच विचारायचा नाही, शिपायानेही नाही. दारावर एचआयव्हीचा मोठा बोर्ड नको, बीपी, शुगर, सिफिलिस सगळं एकाच ठिकाणी तपासा म्हणजे आत जाणाऱ्याकडे कुणी बघत बसत नाही. वेळ संध्याकाळची ठेवा. आणि जमेल तिथे टेस्ट करणारा आपल्यातलाच असू दे, ट्रेनिंग घेतलेला साधा माणूसही रॅपिड टेस्ट (किटवर लगेच रिझल्ट देणारी) करू शकतो असं जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्येच सांगितलंय, फक्त तुमच्याकडचे नियम तपासून घ्या.

जे सेंटरला येणारच नाहीत त्यांना सेल्फ टेस्ट किट द्या. 2016 पासून जागतिक आरोग्य संघटनेची याचीही शिफारस आहे. एकाला किट देताना एकदोन जास्तीची द्या, कुणासाठी ते विचारू नका, तो आपल्या मित्रांपर्यंत पोचवतो जिथे आपण कधीच पोचलो नसतो. पण कुणावर जबरदस्ती करायला किट वापरायचं नाही हे स्पष्ट सांगा.

किट देताना समजावून सांगायचं ते असं: किटवर दोन खुणा असतात, सी म्हणजे कंट्रोल (किट नीट चाललं का ते दाखवणारी) आणि टी म्हणजे टेस्ट. सीची रेघ आलीच नाही तर किट बाद, दुसरं घ्या. सी आणि टी दोन्ही आल्या तर रिॲक्टिव्ह, टीची रेघ अगदी फिकट असली तरी रिॲक्टिव्हच धरायची. रिझल्ट किटवर लिहिलेल्या वेळेतच वाचायचा, तासांनी परत बघून घाबरायचं नाही. रिॲक्टिव्ह म्हणजे एचआयव्ही आहेच असं नाही, सेंटरवर पुढच्या टेस्ट झाल्यावरच पक्कं होतं. निगेटिव्ह आलं, म्हणजे फक्त सीचीच रेघ आली, आणि रिस्क ताजी असेल तर 90 दिवस झाल्यावर पुन्हा करायची, लॅबमधली शिरेतल्या रक्ताची अँटिजेन-अँटिबॉडी टेस्ट 45 दिवसांनी चालते. आधीच एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, चालू असलेल्यांनी सेल्फ टेस्ट करू नये, चुकून निगेटिव्ह दिसू शकतं. आणि रिस्क होऊन 72 तास झाले नसतील तर टेस्टची वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरकडे जाऊन पेप (लागण होऊ नये म्हणून रिस्कनंतर घ्यायच्या गोळ्या) सुरू करा, जितक्या लवकर तितकं चांगलं, कोर्स 28 दिवसांचा.

रिॲक्टिव्ह आलेल्याला नुसता पत्ता लिहून देऊ नका, सोबत जा. रोज गोळ्या घेऊन व्हायरस टेस्टमध्ये दिसेनासा झाला आणि तसाच राहिला की संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हे टेस्टच्या आधीच सांगा, नंतर त्या मनःस्थितीत कानात काही शिरत नाही. कुणाचा रिझल्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर, मित्राला, अगदी पार्टनरलाही त्याच्या परवानगीशिवाय सांगायचा नाही, एकदा जरी फुटला तरी त्याच्या ओळखीतलं कुणी तुमच्याकडे टेस्टला येणार नाही.