दुरावलेल्या भावाशी समेट: पवित्र शास्त्रातली रीत

भावाशी बोलणं बंद होऊन वर्षं लोटली की सगळं एकाच प्रश्नापाशी अडतं: आधी कोणी जायचं? मत्तयाच्या शुभवर्तमानात याची दोन उत्तरं आहेत, ती शेजारी ठेवून वाचावीत. पाचव्या अध्यायात म्हटलं आहे की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं वेदीपाशी आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. अठराव्या अध्यायात म्हटलं आहे की भावाने तुझा अपराध केला असेल, तर तू जा आणि दोघेच असताना त्याला त्याचा दोष दाखव. चूक तुमची असो की त्याची, दोन्ही वेळा उठायचं तुम्हीच आहे. ‘त्याने आधी यावं’ म्हणून थांबायला दोन्हीकडे जागा ठेवलेली नाही.

जाण्यापूर्वी

हिशेब घरी बसून करा, भावाच्या दारात नव्हे. गणनेच्या पुस्तकात (५:६-७) अपराध्याने करायच्या तीन गोष्टी दिल्या आहेत: पाप तोंडाने कबूल करायचं, घेतलं ते पुरतं परत करायचं आणि त्यावर पाचवा हिस्सा द्यायचा. १०० घेतले असतील तर १२०. म्हणून कागदावर लिहा: काय घेतलं, काय बोललो, कुणासमोर बोललो, कोणत्या वेळी जायला हवं होतं आणि गेलो नाही. चारचौघांत केलेला अपमान एकांतात मागितलेल्या माफीने भरून निघत नाही. तो ज्यांच्यासमोर झाला, त्यांच्यासमोरच मागे घ्यावा लागतो.

वाटणीचा आकडाच वादात असेल तर तो भेटीत आणू नका. भावाला वतन वाटून द्यायला सांगा, म्हणून एकजण येशूकडे आला, तेव्हा त्याने न्यायाधीश किंवा वाटणी करणारा व्हायला साफ नकार दिला (लूक १२:१३-१४). जाणत्या त्रयस्थाकडून आकडा आधी ठरवून घ्या. एकाच बैठकीत हिशेब आणि समेट दोन्ही उरकायला गेलात, की हिशेब समेटाला गिळतो.

चूक तुमची असेल तर

इथं याकोबाची वाट पावलापावलाने पाहण्यासारखी आहे (उत्पत्ति ३२-३३). थोरला भाऊ एसाव याला मिळायचा बापाचा आशीर्वाद त्याने कपटाने घेतला होता. एसावाचा राग शमेपर्यंत थोडे दिवस मामा लाबानाकडे राहा, असं आई रिबका म्हणाली होती. त्या थोड्या दिवसांची २० वर्षं झाली.

परतताना त्याने आधी निरोप पाठवला. निरोपात एसाव ‘माझा स्वामी’ आणि स्वतः ‘तुझा दास’. आशीर्वादात मिळालेला शब्द नेमका याच्या उलट होता, तू आपल्या भावांचा स्वामी हो. म्हणजे जे चोरलं, तेच त्याने पहिल्या निरोपात खाली ठेवलं. तुमच्या भांडणात असं चोरलेलं काय होतं ते ओळखा: थोरलेपण, निर्णयाचा हक्क, आईवडिलांपाशी असलेली पत. पहिल्या वाक्यात ते परत द्या.

उत्तर आलं की एसाव ४०० माणसं घेऊन येतोय. याकोब घाबरला, त्याने माणसं आणि गुरं दोन टोळ्यांत विभागली आणि प्रार्थना केली. सावधगिरी म्हणजे अविश्वास नव्हे. पूर्वी हात उगारला गेला असेल तर एकटे जाऊ नका.

मग भेट: २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० एडके, पिलांसह ३० दुभत्या उंटिणी, ४० गाई, १० बैल, २० गाढवी, १० गाढव. पिलं सोडून ५५० जनावरं. पण खरी समज आकड्यात नाही, अंतरात आहे. प्रत्येक कळप वेगळ्या चाकराच्या हाती आणि दोन कळपांमध्ये मोकळी जागा. एसावाला एक कळप भेटणार, तो विचारणार हे कुणाचं, उत्तर ऐकणार, पुढे चालणार, मग दुसरा. रागाला उतरायला वेळ मिळावा अशी ती मांडणी. आजच्या भाषेत सांगायचं तर, मनातलं सगळं एका लांबलचक संदेशात ओतू नका. आधी दोन ओळी पाठवा, मग परत करायची वस्तू, मग भेटीची वेळ विचारा. मध्ये काही दिवस जाऊ द्या.

प्रत्यक्ष भेटीत याकोब बायकामुलांच्या पुढे चालत गेला आणि सात वेळा भुईपर्यंत वाकला. एसाव धावत आला, गळ्यात पडला, दोघे रडले. याकोबाने काय बोललं नाही तेही पाहा. कपट आईने सुचवलं होतं हे खरं होतं, तरी त्याने ते उच्चारलं नाही. बायको, आई, मेहुणा, कुणाचंही नाव पुढे केलंत की तुमची कबुली तिथंच संपते.

एका बाबतीत मात्र त्याची नक्कल करू नये. अपराधाचं नाव त्याने घेतलंच नाही. फक्त ‘माझी भेट घे’ म्हणताना त्याच्या तोंडी हिब्रूतला ‘बराखा’ हा शब्द आहे, म्हणजे आशीर्वाद. चोरला तोच शब्द तो परत करतोय, आणि ही जागा वाचताना आजही गलबलून येतं. पण तुमच्या भावाला असा आडून दिलेला शब्द कळेलच असं नाही. स्पष्ट बोला: ‘मी अमुक केलं. ते चूक होतं.’ पुढे ‘पण’ नको.

अन्याय तुमच्यावर झाला असेल तर

एसाव आधी म्हणाला, माझ्यापाशी पुष्कळ आहे, तुझं तुला असू दे. याकोबाने आग्रह केला आणि त्याने घेतलं. तुम्हीही घ्या. ‘मला तुझं काही नको’ हे उदार वाटतं, पण त्याने समोरचा कायमचा ऋणी राहतो.

याकोबाचा मुलगा योसेफ याला भावांनी २० रुप्याच्या नाण्यांना विकलं, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. पुढे तो मिसरात (इजिप्तमध्ये) अधिकारी झाला आणि भाऊ धान्यासाठी त्याच्यापुढे आले, तेव्हा ओळख द्यायला त्याने घाई केली नाही. त्याला पाहायचं होतं ते एकच: बापाच्या लाडक्याला टाकून सुटायची संधी पुन्हा मिळाली, तर हे काय करतील? योसेफानेच ठेववलेला प्याला धाकट्या बन्यामीनाच्या गोणीत सापडला आणि ज्या यहूदाने विकण्याची कल्पना काढली होती, तोच म्हणाला, पोराऐवजी मला गुलाम ठेवा. १२व्या शतकातले ज्यू धर्मशास्त्रकार मैमोनिडीस पूर्ण पश्चात्तापाची खूण हीच सांगतात: तीच संधी, तेवढीच ताकद, तरीही ते कृत्य केलं नाही. एवढं दिसलं की परीक्षा थांबवा. यहूदाचं बोलणं संपताच योसेफाला स्वतःला आवरता आलं नाही.

पुढची खोली नीट पाहा (उत्पत्ति ४५). आधी सगळ्यांना बाहेर काढलं. याआधी तो भावांशी दुभाष्यामार्फत बोलत असे, आता मध्ये कुणी नाही. मग म्हणाला, मी योसेफ. भावांना उत्तर सुचेना, ते भेदरले. जवळ या म्हणाला, आणि मग: मी तुमचा भाऊ योसेफ, ज्याला तुम्ही विकलं. कृत्याचं नाव घेतलं, गुळमुळीत केलं नाही आणि लांबवलंही नाही. भावांना उत्तर सुचेना, ते भेदरले. त्याने माफी वदवून घेतली नाही. रडला, एकेकाचं चुंबन घेतलं. त्यानंतर भाऊ त्याच्याशी बोलू लागले, असं वचन आहे. कथेच्या सुरुवातीला (३७:४) याच भावांना त्याच्याशी सलोख्याने बोलवत नव्हतं. समोरचा गप्प राहिला तर घाबरू नका, शब्द शेवटी येतात.

‘देवाने मला तुमच्यापुढे पाठवलं’ हे योसेफ म्हणाला, भाऊ नाहीत. हे वाक्य सोसणाऱ्याचं आहे. विकणाऱ्याने ‘देवाची योजनाच होती’ म्हटलं की ती पळवाट होते. मध्यस्थी करणाऱ्या पाळकांनी आणि वडीलजनांनी तर ते अन्याय झालेल्याच्या तोंडी मुळीच घालू नये.

तो नाहीच म्हणाला तर

मत्तय १८ चा क्रम पाळा: आधी एकटे, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीसमोर. बहुतेक प्रयत्न फसतात ते पहिली पायरी गाळून नातेवाइकांत बोभाटा केल्यामुळे. माफी मागणाऱ्यासाठी मैमोनिडीस मर्यादा घालून देतात: तीन मित्रांना घेऊन जावं, असं तीनदा करावं, तरीही भाऊ ऐकत नसेल तर थांबावं, आता दोष क्षमा नाकारणाऱ्याचा.

नुसता अबोला मात्र शांतता समजू नका. दाविद राजाचा मुलगा अबशालोम सावत्र भाऊ अम्नोन याच्याशी बरंवाईट काहीच बोलला नाही, आणि दोन वर्षांनी त्याने त्याला ठार करवलं.

समेटानंतर

एकत्र राहायलाच हवं असं नाही. एसाव बरोबर चल म्हणाला, तेव्हा याकोबाने लहान मुलं आणि दूध पाजणारी जनावरं यांची सबब पुढे केली, मागून सेईरास, एसावाच्या मुलखात, येतो म्हणाला आणि सुक्कोथला गेला. अंतर ठेवणं ठीक, पण न पाळायचं वचन देऊ नका. ‘सणाला येऊ, एरवी आपापल्या घरी’ असं सरळ सांगावं. बाप इसहाकाला मूठमाती द्यायला दोघे भाऊ एकत्र होते.

सगळ्यात नाजूक वेळ आईवडील गेल्यावर येते. याकोब मिसरात १७ वर्षं जगला. तो वारताच भावांना वाटलं, आता योसेफ सूड घेणार. म्हणजे इतक्या वर्षांत क्षमा त्यांच्यापर्यंत पुरती पोहोचलीच नव्हती. ते ऐकून योसेफ रडला, पण ‘एकदा सांगितलं ना’ असं म्हणाला नाही. मी काय देवाच्या ठिकाणी आहे, असं विचारलं, तुम्ही वाईट योजलं होतं हे पुन्हा स्पष्ट म्हटलं, देवाने त्यातून चांगलं केलं म्हणाला, आणि लगेच कामाचं बोलला: तुमच्या मुलाबाळांचं मी पाहीन. अंत्यविधीनंतरच्या पहिल्या आठवड्यातच भावाला फोन करा आणि त्याच्या घरातली एखादी ठरावीक जबाबदारी, मुलाची फी असो की औषधांचा खर्च, नाव घेऊन आपल्याकडे घ्या.