मांजराचं हार्टवर्म: पाऊस गेल्यावरचाही डोस

गोव्यात पावसाआधी, मे महिन्यात कौलं चाळायची, लाकडं आत घ्यायची, पापड-सांडगे डब्यात भरायचे, तेव्हाच मांजराच्या हार्टवर्मच्या, म्हणजे हृदय-फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या किड्याच्या, औषधाचीही सोय करून ठेवा. डबकी उपसा आणि तुळशीजवळच्या करवंट्या उपड्या करा, हे सांगायला नको. कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, असेल तर पोफळीच्या गळून पडलेल्या झावळ्या मात्र बघा. त्यांच्या खोलगट देठात ओंजळभर पाणी साचतं, तेवढं डासांना पुरतं.

‘आमचं मांजर घराबाहेरच पडत नाही’ हे कृपा करून सांगू नका. हा किडा कुत्र्यांत वाढतो आणि डासातून पसरतो. कौलारू घरात आणि बिनजाळीच्या खिडक्यांत डासाला कोण अडवणार?

डॉक्टरकडे जाण्याआधी वजन करा. मांजराला घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी. हार्टवर्मसाठी महिन्यातून एकदा कातडीवर लावायचं औषध म्हणजे सेलामेक्टिन. त्याची मांजरांची ट्यूब अडीच किलोपर्यंत एक, त्यापुढे साडेसात किलोपर्यंत दुसरी. पिल्लाला आठ आठवड्यांपासून चालतं. मॉक्सिडेक्टिनही मिळतं, त्याचं वय-वजनाचं गणित डॉक्टरांनाच करू द्या. दुकानात नुसतं ‘पिसवांचं औषध’ मागितलंत तर बहुधा फिप्रोनिल हातात येईल. त्याने पिसवा मरतात, हार्टवर्म नाही. नेहमीची जंताची गोळी, प्राझिक्वांटेल-पायरँटेलची, तिचाही इथे उपयोग नाही. पाकिटावरचं औषधाचं नाव वाचा, चित्रातलं गोंडस मांजर बघू नका.

कुत्र्याची ट्यूब अर्धी करून मांजराला लावायची नाही. अजिबात नाही. तिच्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजर झटके येऊन मरू शकतं. डास पळवायला म्हणून टी ट्री तेल चोळू नका, तेही मांजराला विषच. धुरी घालायची तर मांजर दुसऱ्या खोलीत ठेवा. धुराने खोकलं तर हार्टवर्मचा खोकला कुठला आणि धुराचा कुठला, कळायचं नाही.

आता मुद्द्याचं. तारीख. औषध मागचं निस्तरतं, पुढचं अडवत नाही. आज लावलेली ट्यूब उद्याच्या डासाला थांबवत नाही, गेल्या महिन्याभरात अंगात शिरलेल्या कोवळ्या अळ्या मारते. म्हणून ऑक्टोबरात पाऊस थांबला की औषध थांबवायचं नाही. शेवटच्या सरीत चावलेल्या डासाचा हिशोब पुढच्या डोसात लागतो. गेल्या वर्षी चवथीच्या गडबडीत, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं फळं-पानांचं सामान गोळा करता करता, आमच्या बोक्याचा एक डोस राहिला आणि पाऊस संपल्यावर ‘आता कशाला’ म्हणून पुढचाही. मग तो मान लांब करून, जमिनीला टेकून खोकायला लागला. चाचणी निगेटिव्ह आली. पण मांजरात एक-दोनच किडे असतात, रक्तात किड्याचे अंश शोधणाऱ्या अँटिजेन चाचणीत ते बरेचदा सापडत नाहीत, त्यामुळे तो कागद हातात असूनही जीव थाऱ्यावर नव्हता.

पुन्हा सांगतो, कारण हेच विसरलं जातं: महिन्याची एक तारीख ठरवा. अळी दीड-दोन महिन्यांची झाली की या औषधाला जुमानत नाही आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांकडे निघते. तिथे पोचलेले किडे मारण्याचं कुत्र्यांचं औषध मांजराला झेपत नाही. दम्यासारखी धाप, खोकला, उलट्या, कधी कसलीच पूर्वसूचना न देता मरण. डॉक्टर स्टेरॉइड देऊन सूज उतरवतात, बाकी किडा आपोआप मरेपर्यंत वाट बघायची, आणि तो दोन-चार वर्षं जगतो. म्हणजे तारीख. कॅलेंडरवर चतुर्थी, एकादशी, त्यांच्या शेजारी लाल पेनाने. डिसेंबरातही. जानेवारीतही. गोव्यात डासांना सुट्टी नसते.

लावताना मानेच्या मागे, कवटीच्या बुडाशी, केस बाजूला सारून थेट कातडीवर. केसांवर सांडलं तर वाया. जीभ पोचणार नाही अशीच जागा हवी. चाटलं तर तोंडाला फेस येतो, घाबरू नका, पण पुढच्या वेळी जागा वर घ्या. दोन मांजरं असतील तर वाळेपर्यंत वेगळी ठेवा, एकमेकांना चाटत बसतात.

डोस चुकलाच तर आठवल्याबरोबर लावा आणि किती उशीर झाला ते डॉक्टरांना सांगा. दोन ट्यूब एकदम नाहीत. चवथीला गावच्या घरी जाताना ट्यूब पिशवीत. मांजर शेजाऱ्यांकडे ठेवणार असाल तर ट्यूब त्यांच्याकडे, तारीख चिठ्ठीवर. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हात तापते. एक ट्यूब उरली की पुढची आणा.